खाड्याचे कारण

वाचकहो, मार्गशीर्ष अमावस्येला दुपारी ठाणाकुशनूरच्या गल्लीतून चालत गेलात तर तुम्हाला गाव ओस पडल्यासारखे वाटेल. दारांना कड्या, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, एखाददुसरे म्हातारे माणूस ओट्यावर. बाकी सगळे शिवारात. ज्वारी अंगासरशी आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात. शेतात कडब्याची कोप उभी करून पाच पांडवांचे दगड मांडायचे, पूजा करायची आणि आल्यागेल्याला भज्जी, उंडे, आंबील वाढायचे. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो, त्यासाठी निमंत्रण लागत नाही. कंदमुळे न खाणाऱ्या आमच्यासारख्या जैन घरांसाठी शेजारी वेगळी भज्जी शिजवतात, तीही न सांगता. पंचांग या दिवसाला काहीही म्हणो, औराद, भालकीपासून उदगीर, निलंगा, लातूर, धाराशिवपर्यंत आणि इकडे आळंदच्या बाजूलाही तिचे नाव येळवस. आमचे कन्नड शेजारी एळ्ळ अमावास्ये म्हणतात.

या दिवसाची आठवण निघाली की मला माझी एक लबाडी आठवते. तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण पुढे जो इतिहास सांगायचा आहे तो मी त्या लबाडीमुळेच वाचायला लागलो.

पदवी घेतल्यावर काही वर्षे मी एका शहरातल्या कारखान्याच्या दवाखान्यात सकाळची पाळी करत असे. तिथे आमच्या सीमाभागातली बरीच माणसे कामाला होती. पहिल्याच वर्षी मार्गशीर्ष अमावस्येच्या आदल्या दिवशी माझ्यापुढे रांग लागली. प्रत्येकाला आजारपणाचा दाखला हवा होता. त्यातल्या एका वयस्क कामगाराने सरळच सांगितले, "लिहा की डॉक्टरसाब, पोट दुखालंय म्हून. येळवसीला जायलाव. शेतात पोरंबाळं वाट बघायलेत." मी लिहिले. एकाला पोटदुखी, दुसऱ्याला जुलाब, तिसऱ्याला ताप. दुसऱ्या वर्षी पुन्हा लिहिले. तिसऱ्या वर्षी व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या मुलखात दर डिसेंबरात पटकीची साथ येते काय?" मी हसलो, तेही हसले. खरे कारण मी सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही.

आणि हेही सांगितले पाहिजे. त्याच कारखान्यात मला अनंत चतुर्दशीची सुटी कधी मागावी लागली नाही. मालक आमच्याच धर्माचे. दशलक्षण पर्व म्हणजे काय, त्यात उपास कसे असतात, हे वरच्या कचेरीत सर्वांना ठाऊक. माझी रीत वरच्या कचेरीच्या ओळखीची होती म्हणून तिला दाखला लागला नाही. त्या माणसांची रीत तिथे कुणाला माहीत नव्हती म्हणून त्यांना आजारी पडावे लागले.

कामावर माणूस आला नाही की हजेरीपटात खाडा पडतो आणि खाड्यापुढे कारण लिहावे लागते. व्यवस्थापकाच्या ओळखीची कारणे थोडीच असतात : आजार, आळस, दारू, बेजबाबदारपणा. खरे कारण यांत बसत नसेल तर ते यांपैकीच एखाद्या नावाने लिहिले जाते. पुढे तीच नोंद अहवालात जाते, अहवालातून पुस्तकात जाते आणि मग 'या लोकांचा स्वभावच असा' हे इतिहासाचे वाक्य होते. मराठी मुलखातल्या गिरण्यांच्या इतिहासात हे कसे घडले आणि ते सुधारायला किती वर्षे लागली, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. पुढच्या तीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. भांडवल बहुधा पारशी, भाटिया, बगदादी ज्यू अशा व्यापाऱ्यांचे. यंत्रे लँकेशायरची, आणि यंत्रांबरोबर आलेले मॅनेजर, विणकाम-मास्तर आणि इंजिनिअरही पुष्कळदा तिथलेच. कामगार मात्र रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुण्याच्या मावळातला, नगरचा. साच्यावरच्या माणसाची भाषा मॅनेजरला येत नव्हती आणि मॅनेजरची भाषा साच्यावरच्या माणसाला.

या दोघांमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम उभा राहिला. माणसे गावाकडून आणायची त्याने, कामावर लावायची त्याने, रजा द्यायची त्याने आणि काढून टाकायचीही त्यानेच. या प्रत्येक गोष्टीची दस्तुरीही तोच घेई. व्यवस्थापकाला आपल्या माणसांविषयी जे काही कळे ते त्याच्या तोंडून. कोण कुठल्या गावचा, कुणाच्या घरी काय आहे, कोण कधी परत येणार, हे ज्ञान मुकादमाचे भांडवल होते. ते त्याने वर फुकट का पोचवावे? कामगारांच्या सवयी व्यवस्थापकाला अनोळखी राहिल्या त्याचे एक कारण हे, की त्या अनोळखी राहण्यावर एका माणसाचे पोट आणि रुबाब चालत होता.

मॅनेजरच्या डोळ्यांना काय दिसे? कामगार मधूनच साचा सोडून बाहेर जातो. विडी ओढतो, हातपाय धुतो, आवारात बसून भाकरी खातो. उन्हाळ्यात गावी जातो तो कधी परतेल याचा नेम नाही. शिमग्याला आणि गणपतीला खाती रिकामी. लँकेशायरमध्ये भोंग्यावर उठबस करणारी माणसे पाहिलेल्याला हे सगळे आळसाचे वाटले तर नवल नाही.

आता हेच दुसऱ्या बाजूने पाहू. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचा दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचा होता, म्हणजे उन्हाळ्यात तेरा तासांच्याही वर. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि त्यांना महिन्यातून चार सुट्या दिल्या. मोठ्या माणसांच्या तासांविषयी त्यात एक अक्षर नव्हते. दुपारी जेवणाची ठरलेली सुटी नव्हती, आठवड्याची सुटी नव्हती. ज्याला जेवायला वेळच दिलेला नाही तो साचा सोडूनच जेवणार. मी डॉक्टर म्हणून एवढे सांगू शकतो की शरीराला विश्रांती नाकारली तर शरीर ती चोरून घेते. त्या चोरीला हजेरीपटाने 'सवय' म्हटले.

हे प्रथम कुणाच्या ध्यानात आले याच्या दोन हकिकती आहेत. एक मालकाच्या बाजूची, दुसरी कामगारांच्या बाजूची.

मालकाच्या बाजूची हकीकत नागपूरची. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले तो हा दिवस, म्हणून हे नाव. मॅनेजर म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. ते रेल्वेतले गृहस्थ, कापडाच्या धंद्यात नवखे. गिरणी चालू झाली तेव्हा मोठी अडचण यंत्रांची नव्हती, माणसांची होती. रोज शंभरांतले वीसजण गैरहजर. मुंबईच्या गिरण्यांत हे प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपास होते. नागपूरकडच्या माणसाला थोडी मिळकत हाती आली की तो घरी राही. पाहुणा आला, लग्न निघाले, शेताचे काम आले, की कामावर येत नसे.

दंड करणे, काढून टाकणे हे सोपे उपाय होते. टाटांनी वेगळा विचार केला. या भागात हातमागाची जुनी वस्ती होती, शेती होती. आपल्या घरात, आपल्या वेळेने, कुटुंबासह काम करण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. या माणसाला गिरणीत रोज यावेसे वाटावे असे तिथे काय होते? रोजची मजुरी, आणि म्हातारपणी किंवा अपघातात हात जायबंदी झाला तर काहीच नाही. उद्याची शाश्वती गिरणी देत नव्हती, ती गाव आणि भावकी देत होती. मग माणूस आधी कुणाकडे हजर राहणार?

म्हणून एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास सुरुवात झाली. असा काही कायदा तेव्हा देशात नव्हता. खेळांचे दिवस ठरले, कुटुंबांना बोलावून बक्षिसे वाटली जाऊ लागली. दमट हवेची यंत्रे आणि आगीपासून बचावाची सोय झाली. गैरहजेरी घटली आणि गिरणी भरभराटीला आली. हा निव्वळ परोपकार होता असे मानायचे कारण नाही, टाटा व्यापारी होते आणि त्यांना नफा हवा होता. पण 'हे लोक आळशी आहेत' या उत्तरावर ते थांबले नाहीत. 'यांना दुसरीकडे असे काय मिळते जे मी देत नाही' हा प्रश्न त्यांनी विचारला. आमच्या वैद्यकात हानेमान यांनी सांगून ठेवले आहे की रोग्याला मध्ये न तोडता त्याचे म्हणणे संपेपर्यंत ऐका. नागपुरात जे झाले ते याच जातीचे होते.

कामगारांच्या बाजूची हकीकत नारायण मेघाजी लोखंडे यांची. जन्म १८४८, जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी, १८८० पासून 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केलेली होती, त्यामुळे साच्यावरच्या माणसाचा दिवस त्यांना कुणा मुकादमाकडून समजून घ्यावा लागला नाही. १८८४ मध्ये सरकारने मुंबईत फॅक्टरी कमिशन नेमले तेव्हा लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात परळला गिरणीकामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या वाचल्या तर मॅनेजरच्या तक्रारींची उत्तरेच वाटतात : आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. कामावर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पगार.

यातली रविवारची मागणी मला फार महत्त्वाची वाटते. रविवार हा साहेबाच्या चर्चचा वार, नेटिव्हांना त्याचे काय, त्यांना सणांच्या सुट्या आहेतच, असे म्हणणे सोपे होते. त्यावर लोखंडे यांनी दिलेले उत्तर आजही सांगितले जाते : रविवार आमच्या खंडोबाचा वार आहे.

आपल्या बाजूच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. भालकीजवळच्या खानापूरच्या मैलाराला रविवारी किती गर्दी असते ते आपण पाहतो. मराठीत तो खंडोबा, कन्नडात मैलार मल्लण्णा, भंडारा एकच. नळदुर्ग आणि अणदूरचा खंडोबा तर वर्षातले काही महिने एका गावी आणि काही महिने दुसऱ्या गावी राहतो, आणि दोन्ही गावे ते मानतात. जेजुरी, पाली, माळेगाव, मैलार, सगळीकडे वार रविवारचा. पुणे-साताऱ्याकडून मुंबईला गेलेल्या हजारो कामगारांचे हे कुलदैवत. कोकणातल्या कामगाराचे देव वेगळे, पण आठवड्यात एक दिवस पाठ टेकायला मिळावी असे त्यालाही वाटतच होते.

लोखंडे यांचे शहाणपण इथे आहे. सरकारी कचेऱ्यांचे कॅलेंडर आणि कामगारांचे पंचांग यांत एक जागा अशी होती जिथे दोन्ही एकमेकांना शिवत होती. ती त्यांनी शोधली आणि अनोळखी सवयीला वरच्या कचेरीच्या ओळखीचे नाव दिले. खाडा म्हणून जे मागता येत नव्हते ते रविवार म्हणून मागता आले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दोन्ही आल्या. १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले. आज रविवारी उशिरा उठणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना त्यांचे नाव माहीत आहे?

पण एक नोंद दुरुस्त झाली म्हणून हजेरीपट दुरुस्त होत नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, कापडाला तेजी होती, आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. ओरड झाली आणि सरकारने पुन्हा कमिशन नेमले. त्याचा अहवाल १९०८ चा. कमिशनने एकीकडे कामगारांच्या हालांची नोंद केली, पण दुसरीकडे असाही निष्कर्ष काढला की हिंदी कामगाराचा कल काम दिवसभर पसरून, सावकाश, मनाला येईल तेव्हा थांबत करण्याकडे आहे, सलग नेट लावून काम करणे त्याला जमत नाही. म्हणजे दिवस चौदा तासांचा केला कुणी, हा प्रश्न बाजूला राहिला आणि त्या दिवसात टिकून राहण्याची कामगाराची युक्ती हा त्याचा स्वभाव ठरला.

त्या कमिशनात एक डॉक्टर होते, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर, पुढे जस्टिस पक्षाच्या स्थापनेमुळे प्रसिद्ध झालेले. बाकीच्या सभासदांशी त्यांचे पटले नाही आणि त्यांनी आपली भिन्नमतपत्रिका स्वतंत्र जोडली. इतक्या लांब दिवसाचा परिणाम शरीरावर होतो आणि म्हणून मोठ्या पुरुषांचे तासही कायद्याने थेट मर्यादित केले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा घातली. जिथे बाकीच्यांना स्वभाव दिसला तिथे त्यांना थकवा दिसला.

आता गावी जाण्याच्या सवयीकडे येतो. मुंबईचा गिरणीकामगार अर्धा शेतकरीच राहिला, म्हणून तो कधी पक्का कामगार झाला नाही, असे पुष्कळ वर्षे लिहिले गेले. कोकणी कामगार उन्हाळ्यात गावी जाई. लग्ने, घराची शाकारणी, मग पेरणी. पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या बोटी बंद होत, त्यामुळे मुक्काम लांबला की परतीची वाटही लांबत असे. तो आला नाही तर गिरणीचे काम मात्र अडत नव्हते. दाराशी बदलीवाले रोज सकाळी उभेच असत. मंदीत मालकाला माणसे कमी हवी असत, तेजीत जास्त. गावी जाणारा कामगार आणि दाराशी ताटकळणारा बदलीवाला, दोघेही या हिशेबात सोयीचे होते. तक्रार लिहायची आणि सोय वापरायची, असे दोन्ही चालू होते.

मुळात गाव सोडणे कामगाराला परवडणारे नव्हते. आजारपणात, बाळंतपणात, बेकारीत आणि म्हातारपणी त्याला मुंबईत कोण सांभाळणार होते? संप लांबला की गावचीच भाकरी कामाला येई. १९२८ चा सहा महिन्यांचा संप असो की १९८२ चा, कितीतरी कामगार गावी गेले म्हणून तगले. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांच्या इतिहासात हे सविस्तर मांडले आहे : गावाशी धागा ठेवणे हा मागासलेपणा नव्हता, शहरात टिकण्याचा तो मार्ग होता.

सरकारी पातळीवर हे मान्य व्हायला १९३१ साल उजाडावे लागले. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनमध्ये आपले ना. म. जोशी सभासद होते. त्या कमिशनने म्हटले की सध्याच्या स्थितीत गावाशी असलेला संबंध ही जमेची बाजू आहे. तो तोडू नये, त्याला नियमात बसवावे. माणसे भरण्याचा अधिकार मुकादमाकडून काढून त्यासाठी वेगळा अधिकारी नेमावा, अशीही शिफारस त्यांनी केली. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आली आणि पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा झाला. पावर गमावलेल्या मुकादमाच्या जागी, निदान कागदावर तरी, कामगाराची भाषा आणि घरची स्थिती जाणून घेणे हेच ज्याचे काम आहे असा माणूस आला.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे कामगारांची प्रत्येक रीत व्यवस्थापनाने शिरसावंद्य मानावी काय? नाही. त्याच गिरण्यांतले एक उदाहरण याच्या उलट आहे आणि ते सांगितले नाही तर हा लेख एकांगी होईल. साच्यावरच्या धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढीत. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना घ्यायचे नाही अशी स्पृश्य कामगारांची रीत होती. विणकामाला पगार जास्त, त्यामुळे या रितीचा अर्थ सरळ भाकरीशी होता. व्यवस्थापनाने हिच्यात हात घालण्याचे टाळले. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी नाइलाजाने ही मागणी यादीत घेतली.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने असा तोंडाने ओढायचा धोटा क्षयाच्या भीतीने १९११ मध्येच कायद्याने बंद केला होता. हाताने धागा ओवता येईल असा धोटा अस्तित्वात होता. म्हणजे ज्या रितीला हात लावायला व्यवस्थापन कचरत होते ती यंत्रातल्या एका लहान बदलाने निराधार झाली असती आणि सगळ्यांच्याच फुप्फुसांचे भले झाले असते. तेव्हा सवय समजून घेणे म्हणजे तिच्यापुढे मान तुकवणे नव्हे. ती कशावर उभी आहे आणि तिचे ओझे कुणाच्या पाठीवर पडते, हे विचारणे म्हणजे समजून घेणे. येळवसीला शेतात जाणाऱ्याचे ओझे कुणावर पडत नाही, फार तर एका दिवसाचे काम पुढे सरकते. धोट्याच्या रितीचे ओझे एका समाजाच्या ताटावर पडत होते.

आपल्या सीमाभागाला हा विषय परका नाही. आमची वडीलधारी माणसे सांगत की निजामी कचेऱ्या शुक्रवारी बंद असत आणि फसली सन मोजत, तेव्हा महसुलाचा एक हिशेब, पंचांगाचा दुसरा आणि बाजाराचा तिसरा, असे तीन वेळापत्रक सांभाळत लोक जगले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान गेले, १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर म्हैसूर राज्यात आले आणि उदगीर-निलंग्याची बाजू मुंबई राज्यात गेली. त्यानंतर आमच्याकडे कधी बेंगळुरूकडचे अधिकारी आले, कधी हुबळी-धारवाडचे. येळवसीला शाळेत गुरुजी एकटे बसलेले मी पाहिले आहेत. काही गुरुजींनी त्या दिवशी गैरहजेरीचे ताशेरे लिहिले. एकाने मुलांबरोबर शेतात जाऊन पंगतीत जेवण केले आणि दुसऱ्या दिवशी पट भरलेला मिळाला. लातूरकडे जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुटी जाहीर करतात. तिथे त्या एका दिवसापुरता खोट्या पोटदुखीचा प्रश्न मिटला. रविवारसारखीच येळवसही तिथे आपल्या नावाने कागदावर आली.

आणि आज आपणही व्यवस्थापक आहोत. आमच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, तुमच्या दुकानात गडी आहे, शेतात बिहार-उत्तर प्रदेशाकडची मुले येऊ लागली आहेत. ती छठला गावी जायला निघाली की आपण काय म्हणतो, ते प्रत्येकाने आपल्याशी आठवून पाहावे. मीही म्हटले आहे, 'यांना कामाची कदरच नाही.' म्हणताना कानावर तोच १९०८ चा अहवाल पडला, माझ्याच आवाजात.

शेवटी त्या दाखल्यांविषयी. त्यात माझी अडचण काही नव्हती. खोटे लिहिणे सोपे होते, कामगारांचा पगार वाचत होता, व्यवस्थापकांना कारणाचा रकाना भरलेला मिळत होता. तिघांचीही सोय झाली. पण मी त्या व्यवस्थापकांना एकदा सोबत घेऊन आमच्या शिवारात आणले असते, किंवा निदान ते हसले त्या दिवशी म्हटले असते की साहेब, ही साथ नाही, हा सण आहे, त्याऐवजी ही माणसे एक रविवार भरून देतील, तर कदाचित ते हो म्हणाले असते. माणूस वाईट नव्हता. मी सांगितले नाही, कारण माझी चतुर्दशी सुरक्षित होती.

त्या कारखान्याच्या जुन्या दप्तरात ते दाखले कुठेतरी असतील, माझ्या सहीचे. उद्या एखादा अभ्यासक ते उघडून लिहील की बिदर-लातूरकडच्या कामगारांची प्रकृती नाजूक असे आणि हिवाळ्यात त्यांना पोटाचे विकार होत. त्याचा दोष नाही, त्याच्यापुढे डॉक्टरची सही आहे. म्हणून ही दुरुस्ती इथे छापून ठेवतो. वाचकहो, त्या माणसांच्या पोटाला काहीही झाले नव्हते. ती येळवसीला घरी गेली होती.